सोबत कुत्र्याची : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

कुत्रा पाळल्याने माणसाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडतो, या विषयावर या वेळी बरीच पत्रे आली. काहींत उत्साह आहे, काहींत धास्ती आहे आणि एका पत्रात तर उघड अविश्वास आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय 67 आहे. पत्नीचे निधन झाल्यापासून मी एकटाच राहतो; मुले परगावी असतात. मुलगी सारखी म्हणते, “बाबा, एक कुत्रा पाळा, तुमचा वेळ चांगला जाईल.” मी जन्मात कधी कुत्रा पाळलेला नाही. वेळ घालवायला माझ्याकडे पुस्तके आहेत, दूरचित्रवाणी आहे. या वयात कुत्र्यामुळे माझ्या आयुष्यात खरोखर काही भर पडेल, की उगाच एक उपाधी मागे लागेल?

उत्तर : उपाधी मागे लागेल हे निश्चित. भर पडायची असेल, तर तीही त्या उपाधीतूनच पडेल. आपल्या मुलीचा हेतू चांगला आहे, परंतु वेळ घालवणे हे कुत्रा पाळण्याचे कारण होऊ शकत नाही. पुस्तक मिटता येते, दूरचित्रवाणी बंद करता येते. कुत्र्याचे तसे नसते. रोजच्या वेळी तो आपल्या पलंगापाशी येऊन उभा राहील. आधी नुसता बघत राहील, मग ओल्या नाकाने हात ढकलून पाहील, आणि त्यानेही आपण उठला नाहीत तर पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून एक लांब सुस्कारा सोडील. त्या वेळी आपले अंग दुखत असेल, बाहेर पाऊस पडत असेल किंवा उठून तरी काय करायचे, असा विचार मनात घोळत असेल. पण त्या सुस्काऱ्यापुढे यांपैकी कोणतीही सबब फार काळ टिकत नाही.

जोडीदार गेल्यानंतर दिवस मोकळा होतो, तसाच तो विस्कटतोही. जेवण केव्हाही झाले तरी चालते, झोप केव्हाही लागली तरी कुणाचे काही अडत नाही, आणि आपल्यावाचून कुणाचे अडत नाही ही जाणीवच माणसाला आतून पोखरत जाते. कुत्र्याचे मात्र आपल्यावाचून अक्षरशः अडते. त्याचे खाणे, पाणी, बाहेर जाणे, औषध हे सारे आपल्या हातून आणि आपल्या वेळेवर व्हावे लागते. मुले प्रेमाने फोन करतात, पण “तुम्ही विश्रांती घ्या, आम्ही बघतो” असे सांगून नकळत आपल्याला कामातून मोकळे करून टाकतात. कुत्रा असे मोकळे करीत नाही, आणि उतारवयात त्याचे मोल मोठे आहे, असे माझे मत आहे.

शरीराच्या बाजूनेही या म्हणण्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये 65 वर्षांवरील कुत्रा पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या लोकांच्या हालचाली उपकरणाने मोजून तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. कुत्रा पाळणारे लोक रोज सरासरी 22 मिनिटे अधिक चालत होते आणि त्यांची दिवसाची पावले सुमारे 2,760 ने जास्त भरत होती. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची ही जादा 22 मिनिटे जमेस धरली, तर तेवढ्यानेच हा आकडा पुरा होतो, आणि तोही व्यायाम करतो आहोत असे मनात न आणता.

दुसरी गोष्ट कदाचित आपल्या लक्षात आलेली नसेल. एकटा माणूस रस्त्याने चालला असता त्याच्याशी सहसा कुणी बोलत नाही. सोबत कुत्रा असला की अनोळखी माणसेही थांबतात, नाव विचारतात, वय विचारतात, आपल्या लहानपणीच्या कुत्र्याची आठवण सांगतात. ब्रिटनमधील दोन मानसशास्त्रज्ञांनी याचीच पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध केले. कुत्रा बरोबर असताना लोकांशी होणारे बोलणे कितीतरी पटींनी वाढले, आणि कुत्र्यासोबतच्या माणसाचे कपडे नीटनेटके होते की गबाळे, याने त्या निष्कर्षात फारसा फरक पडला नाही. महिनाभरात आपल्याला रस्त्यावरची आठ-दहा माणसे ओळखू लागतील. त्यांतील निम्म्यांना आपले नाव ठाऊक नसेल, फक्त कुत्र्याचे ठाऊक असेल; त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आता अटी. पिल्लू आणू नये. पिल्लू रात्री उठवते, फर्निचर कुरतडते, आणि वाढल्यावर त्याची ताकद किती असेल याचा अंदाज नवख्याला येत नाही. पट्ट्याला हिसका देणाऱ्या कुत्र्यामुळे वयस्कर माणूस पडून हाड मोडल्याची उदाहरणे अजिबात दुर्मीळ नाहीत. पाच-सहा वर्षांचा, मध्यम किंवा लहान चणीचा, पट्ट्यावर शांतपणे चालणारा कुत्रा एखाद्या प्राणी-निवाऱ्यातून निवडावा. असा कुत्रा आणखी सात-आठ वर्षे सहज जगू शकतो, म्हणून आपण आजारी पडलो किंवा आपल्याला काही झाले तर त्याला कोण सांभाळील, हा प्रश्न तो घरी येण्यापूर्वी मुलीला विचारावा. तिचे उत्तर गुळमुळीत आले, तर तिच्या सूचनेचे वजनही तेवढेच समजावे.

प्रश्न : कुत्रा पाळल्याने हृदयविकार टळतो, रक्तदाब उतरतो, आयुष्य वाढते, असे वारंवार छापून येते. मी सांख्यिकी शिकवतो आणि अशा विधानांवर माझा विश्वास बसत नाही. निरोगी, सुस्थितीतील, हिंडू-फिरू शकणारी माणसेच मुळात कुत्रे पाळत असतील. मग श्रेय कुत्र्याचे कसे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती आधी स्वतःला विचारायला हवी. या चर्चेला चालना देणारा अभ्यास अमेरिकेत झाला आणि 1980 साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या उपचारानंतर रुग्णालयातून घरी गेलेल्या 92 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 जण वर्षभरात दगावले, तर प्राणी नसलेल्या 39 जणांपैकी 11 जण दगावले. आकडे लक्षवेधी आहेत. परंतु नमुना किती लहान आहे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

त्यानंतरचा मोठा अभ्यास स्वीडनचा. त्या देशात कुत्र्याची नोंदणी सक्तीची असल्याने 40 ते 80 वयोगटातील 34 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी सुमारे 12 वर्षे पडताळता आल्या, आणि निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. एकट्या राहणाऱ्यांमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, कुत्रा न पाळणाऱ्या एकट्यांच्या तुलनेत 33 टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका 36 टक्क्यांनी कमी आढळला. भरल्या घरात राहणाऱ्यांमध्ये हा फरक बराच लहान होता. वय, शिक्षण, उत्पन्न अशा गोष्टींचा हिशेब करूनही फरक उरला. पण जो माणूस मुळातच उत्साही आहे तोच कुत्रा आणतो, ही शक्यता अशा नोंदींवरून पुसून टाकता येत नाही, आणि संशोधकांनीही ते मान्य केले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 सालच्या निवेदनात असाच तोल सांभाळला आहे : कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध असू शकतो, परंतु केवळ हा धोका कमी करण्यासाठी प्राणी घरी आणू नये.

या निवेदनातील उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. औषध म्हणून आणलेला कुत्रा, गुण येत नाही असे वाटले की नकोसा होतो. मालकाने ज्याला खिडकीत बांधून ठेवले आहे आणि जो नोकराच्या हातून फिरतो, असा कुत्रा मालकाच्या हृदयाचे काय भले करणार? लाभ कुत्र्याच्या असण्यात नसून त्याच्यासाठी कराव्या लागणाऱ्या गोष्टींत आहे, असे मानले तर वरील आकड्यांचा अर्थही लागतो. एकट्या माणसाला ही कामे वाटून द्यायला कुणी नसते, म्हणून लाभही त्यालाच सर्वांत जास्त दिसतो. अर्थात, हा माझा तर्क आहे. आकड्यांनी तो सिद्ध केलेला नाही.

कार्यकारणाच्या अधिक जवळ जाणारे पुरावे प्रयोगांतून मिळतात. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात श्वानप्रेमी स्त्रियांना तोंडी गणिते घालून त्यांची नाडी व रक्तदाब मोजण्यात आला : एकदा त्या एकट्या असताना, आणि मग काहींच्या जवळ मैत्रीण बसलेली असताना, तर काहींच्या जवळ त्यांचा स्वतःचा कुत्रा असताना. मैत्रीण धीर देण्यासाठी बसलेली असूनही तिच्यासमोर ताण वाढला आणि गणितेही अधिक चुकली. कुत्रा जवळ असताना ताणाच्या खुणा सर्वांत कमी दिसल्या. मैत्रीण कितीही जिवलग असली तरी उत्तर चुकले हे तिला कळते, कुत्र्याला कळत नाही. आपण विद्यार्थ्यांना फळ्यापाशी बोलावत असाल, तर या निष्कर्षात नवल वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा कुत्र्यासाठी हट्ट धरून बसला आहे. “त्याचं सगळं मी करीन” असे त्याने लिहूनही दिले आहे. त्याच्या बाबांचे म्हणणे असे की, यामुळे त्याला जबाबदारीची सवय लागेल. मला चाव्याची आणि आजारांची भीती वाटते. आपले मत काय?

उत्तर : मुलाने लिहून दिलेला कागद जपून ठेवावा, तो मोठा झाल्यावर त्याला वाचून दाखवता येईल, सध्या मात्र त्यावर विसंबू नये. नऊ वर्षांचे मूल दहा-बारा वर्षे टिकणारी जबाबदारी पेलू शकत नाही आणि तशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. कुत्रा येईल तो आपल्या दोघांचा म्हणून येईल. आपण स्वतः राजी नसाल, तर मुलाच्या आणि त्याच्या बाबांच्या आग्रहाखातर होकार देऊ नये. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या मनाविरुद्ध आणलेला कुत्रा ते दडपण रोज सोसत राहतो.

आपण राजी असाल, तर मुलाला जे मिळेल ते ‘जबाबदारीची सवय’ यापेक्षा बरेच मोठे आहे. आपल्या मनातले बोलून दाखवू न शकणाऱ्या जिवाला काय हवे आणि काय नको, हे त्याच्या देहबोलीवरून ओळखायला तो शिकेल. मुले कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून त्याला घट्ट आवळतात आणि मोठी माणसे कौतुकाने छायाचित्र काढतात. ते छायाचित्र एकदा नीट न्याहाळावे. कुत्र्याने तोंड बाजूला फिरवलेले असते, कान मागे गेलेले असतात, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसत असतो, जिभेचे टोक नाकाकडे वळलेले असते. “मला हे नको आहे” असे तो परोपरीने सांगत असतो. ते कुणी ऐकले नाही तर तो गुरगुरतो, आणि गुरगुरल्याबद्दल मार मिळाला तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. मुलांना घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांकडूनही चावे होतात, याचे कारण बहुधा येथे सापडते. कुत्रा जेवत किंवा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, आणि जवळ यायचे की नाही हे त्याला ठरवू द्यायचे, हे दोन नियम मुलाने पाळले तर धोका पुष्कळ कमी होतो. दुसऱ्याच्या ‘नको’चा मान ठेवायला शिकलेले मूल पुढे माणसांतही बरे वागते, असा माझा अनुभव आहे.

याच ओघात एक गोष्ट मुलाच्या बाबांसाठी. चप्पल फाडलेला कुत्रा मान खाली घालून, शेपूट पायांत घेऊन, कडेकडेने सरकतो, तेव्हा “बघा, त्याला आपली चूक कळली आहे” असे सर्रास म्हटले जाते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मालक खोलीबाहेर गेल्यावर कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची खरी किंवा खोटी माहिती मालकांना देण्यात आली. ओशाळलेला चेहरा कुत्र्याने काय केले यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे, आणि विनाकारण बोलणी खाल्लेल्या निर्दोष कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो सर्वांत ठळक दिसला. म्हणजे तो चेहरा अपराधाची कबुली नसून भीतीची खूण आहे. तासाभरापूर्वीच्या चुकीची शिक्षा कुत्र्याला कळत नाही, एवढे ज्या घराला उमगले, त्या घरात मुलांवरचा आरडाओरडाही थोडा कमी होण्याची आशा बाळगायला हरकत नाही.

आजारांची भीती शिस्तीने आवाक्यात ठेवता येते. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणाऱ्या लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरलेल्या अंतराने पूर्ण कराव्यात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यापासून देता येते. तिची पुढील मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या मुदतीत कधीही चुकवू नये. जंतांचे औषध आणि गोचिडी-पिसवांचा बंदोबस्त वेळापत्रकाने करावा. घरच्या असो वा बाहेरच्या, कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेवर उपचार घेतल्यास तो पूर्णपणे टळतो. येथे घरगुती उपायांना जागा नाही.

प्रश्न : मी एकटी राहते, नोकरीमुळे दिवसाचे अकरा-बारा तास बाहेर असते. घरी आल्यावर कुणीतरी वाट पाहत असावे, असे फार वाटते. कुत्रा पाळू का?

उत्तर : आत्ता नको. आपल्याला संध्याकाळी जे हवे आहे, त्याची किंमत कुत्र्याला दिवसभर मोजावी लागेल. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. अकरा-बारा तासांचा एकांत आणि लघवी धरून बसण्याची सक्ती त्याच्यासाठी क्लेशकारक असते, आणि मग तो भुंकून, दार ओरबाडून किंवा स्वतःचाच पंजा चाटून चाटून जखमा करून ते दाखवतो. ओळखीच्या एखाद्या वृद्ध गृहस्थांच्या कुत्र्याला सुट्टीच्या दिवशी फिरवून आणणे किंवा प्राणी-निवाऱ्यात आठवड्याचे काही तास काम करणे आपल्याला जमण्यासारखे आहे. कामाचे तास बदलले किंवा दुपारी त्याच्याकडे पाहणारे भरवशाचे माणूस मिळाले, की पुन्हा पत्र लिहावे.

प्रश्न : माणसाळू स्वभावाची म्हणून कोणती जात निवडावी?

उत्तर : जातीवर फार भरवसा ठेवू नये. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांतील स्वभावभेदांपैकी फक्त 9 टक्क्यांच्या आसपास भेद जातीने स्पष्ट होतात, असे आढळले. जातीवरून उंची, केस आणि संभाव्य आजार कळतात. ते मात्र जरूर पाहावेत. विशेषतः चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे घोरणे गोड वाटते, पण ती बहुधा श्वास कोंडत असल्याची खूण असते.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आम्ही निवाऱ्यातून तीन-चार वर्षांची कुत्री दत्तक घेतली. कुत्र्यांच्या निस्सीम प्रेमाविषयी इतके ऐकले होते. पण ही मांडीवर येत नाही, चाटत नाही, बोलावले तर दोन पावले येऊन थांबते. दिवसभर दाराच्या उंबऱ्याशी पडून असते. आमचे काही चुकते आहे का? खरे सांगायचे तर निराशा वाटते.

उत्तर : हे पत्र प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करतो. कुत्रा म्हणजे प्रेमाचा झरा, ही कल्पना जाहिरातींनी आणि चित्रफितींनी आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. प्रत्यक्षात कुत्र्यांचे स्वभाव माणसांइतकेच भिन्न असतात, आणि मागे काय घडले आहे हे ठाऊक नसलेल्या प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत आठ महिने हा काही फार मोठा काळ नव्हे. पिल्लांमध्ये वयाच्या तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्याचा काळ माणसांशी नाते जुळण्यासाठी कळीचा असतो. त्या काळात ज्याला माणसाचा हात लागला नाही, किंवा लागला तो फक्त मारण्यासाठी, त्याला पुढे स्पर्शाची गोडी लागायला वेळ लागतो. कधी कधी ती पूर्णपणे लागतही नाही.

उंबऱ्याविषयी आपण लिहिले आहे, पण तिथून काय दिसते ते लिहिलेले नाही. एकदा तिच्या जागी जमिनीवर बसून पाहावे. माझा अंदाज असा की, तिथून स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली अशा दोन्ही खोल्या, म्हणजे घरातली सगळी माणसे, एकाच वेळी नजरेत राहत असतील. आपण आतल्या खोलीत जाऊन बसलात की थोड्या वेळाने ती उठते, आळस देते, जणू सहजच चालली आहे अशा थाटात येते आणि आपल्यापासून पाच-सहा हातांवर पाठ करून बसते का, हेही पाहावे. कुत्र्याने आपल्याकडे पाठ करून बसणे हा रुसवा नव्हे. मागच्या बाजूने या माणसापासून धोका नाही, एवढा विश्वास बसल्याखेरीज धास्तावलेला कुत्रा तसा बसत नाही. आपण जे प्रेम शोधत आहात, ते आपल्याला अपरिचित असलेल्या रूपात कदाचित घरात आलेही असेल.

डोळ्यांत पाहण्याविषयीही थोडे सांगतो. 2015 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, मालक आणि कुत्रा एकमेकांकडे बराच वेळ प्रेमाने पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्यातील जिव्हाळ्याशी निगडित असलेले संप्रेरक ते हेच. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये असे काही आढळले नाही. मात्र ही नजर कुत्र्याने आपणहून दिलेली असावी लागते. अनोळखी किंवा भित्र्या कुत्र्याला रोखून पाहणे ही धमकी असते. म्हणून तिचे तोंड धरून डोळ्यांत पाहण्याचा प्रयत्न कुणी करत असेल तर तो आज थांबवावा. तिच्या शेजारी, तिच्याकडे न पाहता जमिनीवर बसावे, हात मोकळा ठेवावा, आणि ती हुंगून गेली तरी कुरवाळण्याची घाई करू नये. हुंगणे म्हणजे तिच्या दृष्टीने सविस्तर विचारपूस असते; ती पुरी होऊ द्यावी. फिरायला नेतानाही हेच लक्षात ठेवावे. एकेका झाडाशी ती मिनिटभर थांबते म्हणून पट्टा ओढून पुढे नेणे, म्हणजे तिच्या दिवसातील सर्वांत रस असलेला भाग कापून टाकणे.

आपल्या निराशेचा पत्ताही तिला लागत असेल. स्वीडनमधील संशोधकांनी 2019 साली कुत्रे आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतील कॉर्टिसॉल मोजले. हे ताणाशी निगडित संप्रेरक केसांत साठत जाते, त्यामुळे कित्येक महिन्यांचा अंदाज येतो. दोघांच्या प्रमाणात मेळ आढळला, आणि प्रभाव बहुधा माणसाकडून कुत्र्याकडे जात असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तेव्हा तिने लाघवी व्हावे ही अपेक्षा काही काळ बाजूला ठेवलीत, तर तिच्याही जिवाला थोडा आराम पडेल. न बोलणाऱ्या, न बिलगणाऱ्या जिवाचे निरीक्षण करण्याची सवय लागली की कान किंचित वळणे, शेपटीचे फक्त टोक हलणे, जेवणाच्या भांड्याकडे जाण्यापूर्वी आपल्याकडे एकदा पाहून घेणे अशा गोष्टी दिसू लागतात. मांडीवर उडी मारणाऱ्या कुत्र्यांचे मालक इतके बारकाईने क्वचितच पाहतात. त्यांना तशी गरजच पडत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अलिप्तपणा कधी कधी दुखण्यामुळेही असतो. सांधे, दात, कान आणि थायरॉइड यांची तपासणी झालेली नसेल, तर ती करून घ्यावी.

प्रश्न : आमचा तेरा वर्षांचा कुत्रा गेल्या महिन्यात गेला. मला अजून काम सुचत नाही. ऑफिसात रजा मागितली तर लोक हसले, नातेवाईक म्हणतात, “कुत्राच तर होता, दुसरा आणा.” घरात त्याच्यासोबत वाढलेली सात वर्षांची दुसरी कुत्री आहे; तीही नीट खात नाही. मी अतिरेक करतो आहे का? आणि दुसरा कुत्रा आणावा का?

उत्तर : आपण अतिरेक करीत नाही. तेरा वर्षे ज्याच्या वेळांवर आपले घर चालले, तो गेल्यावर केवळ मन रिकामे होत नाही, दिवसातले ठरलेले तास रिकामे होतात, आणि ते रोज त्याच वेळी पुन्हा रिकामे होतात. माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात, काही दिवस शोक करण्याची मुभा देतात. कुत्र्यासाठी अशी कोणतीही रीत नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही ते एकट्याने वाहावे लागते आणि म्हणून अधिक जड होते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. हसणाऱ्यांना समजावण्यात शक्ती खर्च करू नये. ज्यांनी स्वतः कुत्रा गमावला आहे अशा एका-दोघांशी मात्र अवश्य बोलावे.

या नात्याची मुळे किती खोल आहेत, याचा एक पुरावा सांगतो. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 साली एक दफन सापडले. सुमारे 14,000 वर्षांपूर्वी एका पुरुषाला आणि एका स्त्रीला जिथे पुरले होते, तिथेच एक कुत्र्याचे पिल्लूही होते. त्याच्या दातांच्या अलीकडच्या तपासणीवरून असे दिसते की, सात महिन्यांच्या आसपास मेलेल्या त्या पिल्लाला आधी डिस्टेंपरसारखा गंभीर आजार होऊन गेला होता आणि त्यात ते कित्येक आठवडे तग धरून होते. इतक्या आजारी पिल्लाचा शिकारीला काडीचाही उपयोग नव्हता. तरीही कुणीतरी त्याला ऊब दिली असेल, पाणी पाजले असेल, घाण पुसली असेल. अन्यथा ते इतके दिवस जगले नसते. “कुत्राच तर होता” असे त्या माणसांना वाटले नव्हते.

दुसरा कुत्रा आणण्याची घाई करू नये. गेलेल्याची जागा भरण्यासाठी आणलेल्या पिल्लाची पावलोपावली तुलना होते आणि त्यात ते हरणारच असते. मन पुन्हा कुतूहलाने एखाद्या नव्या कुत्र्याकडे वळू लागले, म्हणजे त्या आधीच्या कुत्र्यासारखा नसलेला कुत्राही आवडू लागला, की वेळ आली असे समजावे. काहींना महिना पुरतो, काहींना वर्षे लागतात, आणि काही जण पुन्हा कधीच कुत्रा पाळत नाहीत. यांपैकी काहीही चूक नाही. रोजचे काम, झोप आणि जेवण आणखी काही आठवडे असेच बिघडलेले राहिले, तर मात्र डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घेण्यात संकोच करू नये.

आपल्या कुत्रीकडे आत्ता लक्ष द्यायला हवे. सोबती गेल्यावर कुत्र्यांचे खाणे कमी होते, ते जास्त झोपतात किंवा माणसाला चिकटून राहतात. तिच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा जराही बदलू नयेत. गेलेल्याचे अंथरूण लगेच धुऊन टाकू नये. ती त्याच्यापाशी जात असेल तर जाऊ द्यावे. खात नाही म्हणून हाताने चमचमीत पदार्थ भरवू नयेत. न खाल्ल्यास चांगले मिळते, हे ती दोन दिवसांत शिकेल. नेहमीचे अन्न पंधरा-वीस मिनिटे समोर ठेवावे आणि उरल्यास उचलावे. तिने सलग 24 तास काहीच खाल्ले नाही, पाणी पिणे सोडले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ते दुःख समजून थांबू नये आणि तिला तपासून घ्यावे. सातव्या वर्षी कुत्र्यांत मूत्रपिंडाचे आणि यकृताचे विकार डोके वर काढू शकतात आणि त्यांची सुरुवातही अशीच, खाणे कमी होण्यापासून होते.